बोंबील वाळवायची जागा आराखड्यात मोकळी आहे

१. आज वॉर्ड ऑफिसात विकास आराखड्यावर सुनावणी झाली.
२. आपल्या कोळीवाड्यातून मी एकटीच गेले.
३. आपली बोंबील वाळवायची जागा मोकळी दाखवून तिथून रस्ता काढला आहे.

आपल्या तरुण मंडळातल्या सगळ्यांनी फळ्यावरचं हे नीट वाचा. मोजणी पावसाळ्यात झाली, तेव्हा आपण बोंबील टांगायचे बांबू उतरवून ठेवतो. मी नकाशे काढायला शिकले आहे, म्हणून चूक लगेच दिसली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना दाखवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण जागा गावाची आणि बोलणाऱ्या तुम्ही एकट्या? बाकीची तरुण पोरं काय वरातीत गेलीत?"

बाजूच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. रस्ता झाला तर आई बोंबील कुठे वाळवणार, ते मला माहीत नाही.

सोमवारी शेवटची सुनावणी आहे. कोण येणार, ते शनिवारपर्यंत मला सांगा.