गाठ घालून देणाऱ्या बाई

“थांबा, गाठ घालून देते,” असं म्हणत बाई माझ्या टेबलासमोर हात पसरून उभ्या राहायच्या, आणि मी ओळखायचो की आपला आणखी एक केसपेपर आता कामातून गेला. हात पसरायची त्यांची रीतही खास होती. मागणाऱ्याचा हात नसायचा तो. मास्तर शाळेत वही मागतात तसा असायचा. कागद मिळाला की त्या तो उलटा करायच्या आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रस्ता काढायला लागायच्या. विहीर, चिंच, मारुतीचं देऊळ आणि शेवटी फुली मारलेलं एक घर. त्यांनी काढलेली चिंच मला नेहमी उघडलेल्या छत्रीसारखी दिसायची. तसं म्हटलं की म्हणायच्या, “तुम्हाला जायचंय का तिथे? ज्याला जायचंय त्याला बरोबर दिसते.”

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. चिंचवड स्टेशनाजवळ आमचा छोटा धर्मादाय दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत एक बाक. पिंपरीच्या बाजूला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि बाकी सगळी ज्वारीची रानं. डॉक्टर आठवड्यातून तीनदा पुण्याहून गाडीने येत. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे बाई. त्या आमच्या नर्स, कऱ्हाडकडच्या, पंचेचाळिशीच्या, उंच, पांढऱ्या लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. मी तिथला कारकून. नाव, गाव, वय, तक्रार हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेणं ही माझी नोकरी आणि तोच माझा अभिमान. मी फार प्रश्न विचारतो असं बाईंचं मत होतं. “अहो चित्रगुप्त, नाव लिहा, पापं लिहू नका,” असं त्या भर पेशंटांत म्हणायच्या आणि बाकावरचे सगळे हसायचे. मला राग यायचा, पण तो फार काळ टिकायचा नाही.

माणसांच्या गाठी घालून द्यायची त्यांना खोडच होती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भोसरीच्या एकाचा हात यंत्रात सापडून दोन बोटं गेली, तर त्याला त्यांनी दिघीच्या तीन बोटं गेलेल्या माणसाकडे पाठवलं. तो म्हणे एका हाताने धोतर नेसायला शिकवतो. एकदा तर त्यांनी खोकल्याच्या दोन म्हाताऱ्यांची ओळख करून दिली. दोघे रोज पडवीत एकमेकांच्या तोंडावर खोकत बसायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांना बाकाच्या दोन टोकांना बसवलं. गप्पा मात्र चालूच ठेवल्या.

पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो पाठीवर गाठ घेऊन जन्मणाऱ्या मुलांत. डॉक्टर त्याला स्पायना बायफिडा म्हणायचे. आईच्या पोटातच पाठीचा कणा एका जागी मिटायचा राहतो, कमरेवर लिंबाएवढी, कधी मोसंब्याएवढी पिशवी येते, पायांत जोर नसतो, लघवी-परसाकडेचं भान नसतं. असली मुलं त्या काळी फार जगत नसत. जी जगत ती माजघरात लपवलेली असत. प्रत्येक घराला वाटे, हे जगात फक्त आपल्याच वाट्याला आलं. बाईंना याचाच राग होता. रोगाचा नव्हे, या समजुतीचा.

त्यांच्याकडे अशा घरांची नावं होती, मोजकीच. कुठल्या चांभाराने पुण्याचा एक बूट पाहून तसेच लोखंडी पट्ट्यांचे बूट बनवले, कुठल्या सुताराने बसून सरकायला बुटकी चाकांची फळी केली, कुठल्या शाळेतले गुरुजी अशा मुलीला दाराशी बसू देतात, हे त्यांना तोंडपाठ. सगळ्यांत जास्त त्या सांगायच्या देहूच्या सरूबाईंबद्दल. सरूबाईंची तसलीच गाठ घेऊन जन्मलेली मंदा आठ वर्षांची झाली होती. पोरीच्या पायाला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून रोज दिवेलागणीला तळवे उलटून बघायचे, आंघोळीच्या पाण्यात आधी आपलं कोपर बुडवायचं, ही अक्कल सरूबाईंना कुणी शिकवली नव्हती. पोरीचे पाय एकदा चुलीपाशी भाजले तेव्हा त्या शिकल्या. “जे तिला भाजून कळलं ते दुसरीला नुसतं ऐकून कळावं, एवढंच,” असं बाई म्हणायच्या. त्यांच्या स्वतःच्या घरात असं कुणी असेल म्हणून त्या हे करतात, असं लोकांना वाटायचं. मीही एकदा आडून विचारलं. तसं कुणी नव्हतं.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यात चूक माझी आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

एका दुपारी चिखलीची एक म्हातारी आली. बरोबर सून, सुनेच्या पदराखाली दीड महिन्याची मुलगी. सून एक शब्द बोलत नव्हती. म्हातारी दोघींचं बोलत होती. “गिराणात इळी धरली हिनं. सांगून आयकलं न्हाई. आता बगा काय झालं त्ये.” ग्रहणात पोटुशीने विळी धरली की पोरात व्यंग येतं, ही आमच्याकडची समजूत. मी मुलीचं नाव विचारलं. “नाव न्हाई. बारसंच क्येलं न्हाई,” म्हातारी म्हणाली. कशाला करायचं, हे ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं. माझ्या त्या कागदावर नावाची जागा रिकामी राहिली.

बाईंनी बाळाला मांडीवर पालथं घेतलं, बराच वेळ पाहिलं. कमरेवर पिशवी होती, पण वर कातडी धड होती. हे चांगलं लक्षण होतं. परवा डॉक्टर येतील, मग पुण्याला ऑपरेशनचं बघू, तोवर तिला पाठीवर निजवू नका, पिशवीला धक्का लागू देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. मग “उद्या या, गाठ घालून देते,” म्हणाल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी या दोघींना सरूबाईंकडे स्वतः न्यायचं होतं. तेवढ्यात आत कुणीतरी चक्कर येऊन पडलं आणि बाई धावल्या.

म्हातारीला कमी ऐकू यायचं. ती माझ्या टेबलाशी आली. “काय म्हनल्या बाई?” मी रजिस्टरात डोकं खुपसून बसलो होतो. वर न पाहता मोठ्याने म्हणालो, “गाठ घालून देणार आहेत. उद्या या.” म्हातारीने मान डोलावली आणि तिघी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. दहाच्या सुमाराला स्टेशनावरचा टांगेवाला बोटाला पट्टी बांधून घ्यायला आला. बसल्या बसल्या मला म्हणाला, “काय राव, आता घोडीचं औषध देता का काय तुमी? काल ती चिखलीची म्हातारी माझ्या घोडीच्या शेपटीचे चार केस उपटून घेऊन गेली. दवाखान्यातनंच आलोय म्हनली.”

मी हसलो. स्टोव्हवर सुया उकळत ठेवून बाई त्याला पट्टी बांधत होत्या, त्या हसल्या नाहीत. “केस कशाला म्हणाली?”

“गाठ हाय म्हनली कसली तरी. तिला करकचून गाठ घालायची हाय. चामखिळीला बांधत्यात तसं.”

चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, आठ दिवसांत ती गळून पडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही काय सांगितलंत तिला?”

मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू आलं, काय सांगितलं ते.

त्या पिशवीला दोरा आवळला असता तर ती फुटली असती आणि पोर चार दिवसांत गेलं असतं. बाईंनी स्टोव्ह विझवला, टांगेवाल्याला “चल” म्हणाल्या. त्याच्या बोटाची पट्टी अर्धीच झाली होती. उरलेली त्याने हाताने गुंडाळली. मी रजिस्टर उघडं टाकून टांग्यात चढलो. नोकरीत पहिल्यांदाच खुर्ची सोडून गेलो. मी फार घाबरलो होतो. बाईंनी रस्ताभर मला एक शब्द सुनावला नाही, त्यानेच जास्त मेल्यासारखं झालं. टांगेवाला तेवढा घोडीला म्हणत होता, “पळ, पळ! तुझ्याच शेपटीनं केलंय समदं.”

चिखलीत पोचलो तेव्हा म्हातारी उंबऱ्याशी बसली होती, सून आत चुलीपाशी. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. शेजारी वाटीत हळदीच्या पाण्यात ते चार काळे केस भिजत पडले होते. बाईंनी आधी बाळ उचललं, पालथं केलं, अंगावरचं फडकं बाजूला सारलं. पिशवी होती तशी होती.

“बांधलं नाहीत?” बाईंनी वाटीकडे बघत विचारलं.

“आज आवस न्हाई का?” म्हातारी म्हणाली. “आवसंला कुनी बांधतं व्हय? उद्या बांदनार हुतो.”

पंचांगावर बाईंचा मुळीच विश्वास नव्हता. त्या दिवशी मात्र त्या उंबऱ्यावरच मटकन बसल्या आणि बाळाला छातीशी धरून मोठमोठ्याने हसायला लागल्या. हसताना त्यांचे डोळे वाहत होते. मी तोंड फिरवलं, कारण माझीही गत तीच होती.

म्हातारीला यातलं काहीच कळेना. ती चिडली. “हसता काय? तुमच्याच मानसानं सांगितलं, गाठ घालून द्येनार. म्हनलं, एवढ्याशा कामाला बाईंना तरास कशाला? घरीच घालू.”

मला वाटलं आता बाई माझ्याकडे बोट दाखवतील. त्या म्हणाल्या, “आजी, चूक माझ्या तोंडाची. मला भेट घालून द्यायची होती. चला, सगळ्याच चला.” आणि तसाच टांगा त्यांनी देहूच्या रस्त्याला लावला.

सरूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मंदा पायांत लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून ओट्यावर सागरगोटे खेळत होती. आम्ही गेलो तरी तिने डाव मोडला नाही. “थांबा, पंजी व्हायची हाय,” म्हणाली. म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. बाईंनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. गाठ घालून दिली की गप्प बसायचं, हाही त्यांचा नियम होता.

सरूबाईंनी बाळाला घेतलं, सराईतपणे पालथं केलं, तळव्यांवरून अंगठा फिरवला. “नाव काय?” त्यांनी विचारलं. म्हातारी पदर सारखा करायला लागली. तेवढ्यात सून, जिचा आवाज आम्ही अजून ऐकला नव्हता, ती हळूच म्हणाली, “आक्का, तुमी गिराणात काय क्येलं हुतं?”

“मी?” सरूबाई गोंधळल्या. मग आठवून म्हणाल्या, “काय न्हाई गं. माज्या येळंला गिराण लागलंच नव्हतं.”

सुनेने भिंतीला हात टेकला आणि ती रडायला लागली. इतकी रडली की मंदाने सागरगोटे थांबवले. थोड्या वेळाने म्हातारीने सुनेच्या पाठीवर हात ठेवला, जरा अवघडूनच. त्या हाताला ती सवय नव्हती.

पुढच्या आठवड्यात आम्हाला बारशाच्या घुगऱ्या आल्या. मी तो कागद काढून नावाच्या जागी सुवाच्य अक्षरात ‘इंदू’ लिहिलं. ऑपरेशन पुण्याला झालं. पिशवी गेली, पायांत फारसा जोर काही आला नाही. पण इंदू जगली आणि लवकर बोलायला लागली. सरूबाई महिन्याला चिखलीला फेरी मारायच्या. तळवे बघायचं काम म्हातारीने स्वतःकडे घेतलं.

त्या प्रकारानंतर बाईंनी दोन दिवस मोठ्या निग्रहाने “ओळख करून देते” असं म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गाठच घालायला लागल्या. मी मात्र तेव्हापासून मान वर करून, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकलो. एवढी एक गोष्ट त्यांनी मला न शिकवता शिकवली.

चारेक वर्षांनी बाईंची नजर कमी झाली. सुई टोचायला शीर सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच काम सोडलं आणि कऱ्हाडला भावाकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “चित्रगुप्त, बरे वागलात माझ्याशी.” पुढच्याच साली त्या गेल्याचं भावाचं पत्र आलं. नव्या नर्सबाई कामाला चोख होत्या, पण त्यांना आमच्या गावांची माहिती नव्हती.

पत्र आल्यावर काही दिवसांनी म्हाळुंग्याकडची एक बाई आली. एकटीच होती. तिने बाळ माझ्यापुढे धरलं, पाठीवरचं फडकं सरकवलं आणि मला विचारलं, “ह्ये काय हाय वो?” डॉक्टरांचा तो दिवस नव्हता. मी उठून उभा राहिलो. बाईंची फार आठवण झाली. कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.

बाकावर चिखलीची म्हातारी बसली होती, गुडघ्याचं तेल न्यायला आलेली. तिला ऐकू आलं नसावं, पण दिसलं. ती गुडघ्यावर हात देत उठली, त्या बाईच्या हातातून बाळ घेतलं, दोन्ही तळव्यांवरून अंगठा फिरवला आणि फडकं पुन्हा नीट बसवलं.

“रडू नगं,” ती म्हणाली. “चल, माजी नात दावते तुला.”