एक चूक, एकदाच

कमलताई भगत माझ्याशी बोलल्या ते पहिलेच वाक्य तक्रारीचे होते. मी वणीच्या एका शाळेत संगीत शिक्षक. हार्मोनियमवर हात बरा चालतो, एवढ्या भांडवलावर मला जिल्ह्याच्या शालेय बँड स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावण्यात आले होते. यवतमाळचे मैदान, थंडीतली सकाळ आणि समोरून मुलींचे पथक वाजवीत चाललेले. मी खुशीत येऊन पायाने ठेका धरला. मैदानाच्या कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसलेल्या एक बाई पथक थांबेपर्यंत थांबल्या, मग उठून माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, पाय हालवू नका. ढोलवाली पोरगी तुमच्या पायाकडं पाहून चाल बदलून राह्यली."

मी पाय खुर्चीखाली घेतले. आजही परीक्षणाला बसलो की ते खुर्चीखालीच असतात. आपण मार्क द्यायला आलो आहोत, दाद द्यायला नाही, हे मला त्या दिवशी कळले.

ताई मूळच्या आर्णीच्या. त्यांचे वडील जयंतीच्या मिरवणुकीत मोठा ढोल वाजवीत. त्यांच्यामागे चालता चालता लहानपणीच आपला पाय तालात बसला, असे ताई सांगतात. पुढे आर्णीच्याच शाळेत त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका झाल्या आणि तिथे त्यांनी मुलींचे बँडपथक उभे केले. निवृत्त झाल्यावर ते पथक त्यांनी आपल्या विद्यार्थिनीच्या, वैशाली मॅडमच्या हाती सोपवले आणि स्वतः परीक्षकाच्या स्टुलावर येऊन बसल्या. यंदा त्या पंच्याहत्तरी पूर्ण करीत आहेत, त्यानिमित्त त्यांचा गौरव समारंभ होत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बँडचे परीक्षण कसे होते, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. आमच्याकडे तिघे बसतात आणि तिघेही लांब लांब. एकाकडे वादन, दुसऱ्याकडे संचलन, तिसऱ्याकडे पथकप्रमुखाचे नेतृत्व, गणवेश आणि एकूण ठसा. चहासुद्धा वेगवेगळा. संचलन नेहमी ताईंकडे असते. पाहुणे पहिली रांग पाहतात, ताई शेवटची पाहतात. "पहिली रांग तं सारेच बसवतेत हो," असे त्यांचे म्हणणे. पथक वळण घेते तेव्हा आतल्या मुलीला जागच्या जागी पाय मारावे लागतात आणि कडेच्या मुलीला ढांगा टाकाव्या लागतात. तिथे रांग सरळ राहिली तर मेहनत झाली आहे, असे त्या समजतात. बसायला खुर्ची नको, बुटके स्टूल हवे, हा हट्टही त्यासाठीच. खालून गुडघे एका रेषेत दिसतात.

त्यांच्या शिस्तीची मंडळींना धास्ती असते, पण त्या शिस्तीत माया किती आहे ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. एकदा एका खेड्यातल्या शाळेच्या मुली जुने, शिवलेले बूट घालून आल्या होत्या. गणवेशाचे मार्क कापावेत की काय, अशी कुजबुज सुरू झाली. ताई तडक म्हणाल्या, "बूट जुने असनं चूक नोय. पुसले नसते तं मीच म्हनली असती." त्या मुलींचे बूट लखलखत होते. स्पर्धा संपल्यावर टाचा सोललेल्या दोघींना जवळ बसवून, आपल्या पिशवीतली पट्टी काढून त्यांनी स्वतः लावून दिली. ती पिशवी त्या कधीच विसरत नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. काही वर्षांपूर्वीची जिल्हा स्पर्धा. जो संघ पहिला येईल तो अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाणार होता. आर्णीचे पथक तोवर कितीदा तरी दुसरे येऊन परतले होते. वैशाली मॅडमनी त्या वर्षी जिवाचे रान केले होते. ताई परीक्षक म्हणून बसणार असल्याने, आर्णीची शाळा माझी आहे, दुसरे कोणी पाहा, असे त्यांनी आयोजकांना आधीच सांगितले होते. आयोजक हसले आणि म्हणाले, तुमच्यावर कोणाचा संशय!

आर्णीच्या मुली अप्रतिम चालल्या. त्यांच्यानंतर महागाव तालुक्यातील एक पथक आले. वादन असे की मी माझे पाय कसे आवरले ते मलाच माहीत. मधेच त्यांच्या प्रमुख मुलीच्या हातून छडी निसटली. पोरगी वाकली नाही, थांबली नाही. रिकाम्या हाताने इशारे देत पुढे गेली. मागच्या रांगांनी छडीला वळसा घातला आणि पुन्हा जागा धरली.

आमच्यात एक रिवाज आहे. बेरीज जाहीर करण्याआधी तिघांचे कागद शेजारी ठेवायचे, आणि ज्याला काही विचारायचे आहे त्याने तेव्हाच विचारायचे. त्या बेरजेत आर्णी पहिली होती. नेतृत्वाचे परीक्षक होते सरकारी बँडमधून निवृत्त झालेले एक जमादार साहेब. माणूस सज्जन, पण छडी म्हणजे त्यांचे दैवत. त्यांनी पडलेल्या छडीचे मार्क नेतृत्वात कापले होते, ते बरोबरच होते. त्याच छडीपायी एकूण ठशातही कापले होते. ताईंनी मात्र वळसा घालताना वाकलेल्या रांगेचे, तीही त्याच छडीची चूक म्हणून, काहीच कापले नव्हते.

ताई म्हणाल्या, "जमादार साहेब, छडी एकदा पडली न? मंग दोनदा काहून कापता?"

"ताई, छडी पडली म्हंजे सारंच पडलं."

"सारं कुठी पडलं? पोरी तं उभ्या होत्या."

जमादार साहेबांनी चष्मा काढला. "तुमचीच शाळा वर हाये. हे दोन मार्क परत गेले तं खाली येते. कायले हात लावता?"

"म्हून तं लावून राह्यली," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कोन्या शाळेचं असतं तं तुमीच म्हनले असते, ताई बरोबर हाये."

जमादार साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग पुटपुटत त्यांनी मार्क परत दिले. महागावचे पथक अर्ध्या मार्काने वर गेले.

निकालानंतर, आतले बोलणे बाहेर कळताच, वैशाली मॅडम सगळ्यांदेखत ताईंसमोर उभ्या राहिल्या. "बाई, तुमी आमच्या का त्यायच्या?" ताई म्हणाल्या, "आज कोनाचीच नोय." वैशाली मॅडम रडत बसकडे गेल्या. त्या दिवसापासून ताईंच्या घरी त्यांचे येणे थांबले. लेकीसारखी वाढवलेली मुलगी ती. एकाच गावात राहून बाजारात तोंड फिरवायची. ताईंनी कोणापाशी गाऱ्हाणे केले नाही, पण तिचा विषय निघाला की त्या उठून पाणी प्यायला आत जात. मला फार वाईट वाटे.

गेल्या हिवाळ्यात वणीला तालुक्याची स्पर्धा झाली. वैशाली मॅडम पहिल्यांदाच परीक्षक होत्या आणि मीही होतो. एका पथकाच्या मोठ्या ढोलाचा पट्टा तुटला, ठेका गेला, रांग विस्कटली. कागद शेजारी ठेवले तेव्हा तिसऱ्या परीक्षकांनी तीच चूक दोन ठिकाणी धरलेली दिसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैशाली मॅडम म्हणाल्या, "पट्टा एकदाच तुटला न सर? मंग दोनदा काहून?"

बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे पाहून थबकल्या. डोळे भरून आले त्यांचे. "बाईले सांगू नका," म्हणाल्या.

मी त्याच संध्याकाळी ताईंना फोन केला. घडले ते सारे सांगितले. मग ताईंनी विचारले, "तिनं पाय तं नाही न हालवला?"

"नाही ताई. खुर्चीखाली होते."

"मंग ठीक हाये," म्हणाल्या, आणि पाणी पिऊन येते म्हणत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली मॅडम ताईंच्या दारात उभ्या होत्या. ताईंचा चेहरा पाहूनच मी सांगितले हे त्यांनी ओळखले. या गौरव समारंभात आर्णीच्या मुली सलामी देणार आहेत. ताईंसाठी व्यासपीठावर खुर्ची नको, मैदानाच्या कडेला बुटके स्टूल ठेवा, असा निरोप वैशाली मॅडमनीच धाडला आहे.

कमलताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांची नजर अशीच शेवटच्या रांगेवर राहो. आम्ही चुकत राहणारच. ताईंनी आमचेही मार्क खुशाल कापावेत, एकदाच.