जिताडा घाट चढला

उलव्याहून आम्ही उजाडता उजाडता निघालो तेव्हा गाडीत माणसं तीन होती आणि मासा एक. खरं सांगायचं तर माणसांपेक्षा माशाचीच बडदास्त जास्त होती. मी, आमचे हे, आणि ह्यांची थोरली बहीण जनाआक्का, म्हणजे माझ्या वन्सं. वन्सं मोऱ्याच्या कोळीवाड्यातल्या. सगळा जन्म मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी विकण्यात गेला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला आल्या तेव्हा हातात कपड्यांची इवलीशी पिशवी आणि डोक्यावर हा भलामोठा थर्माकोलचा खोका. खोक्यात बर्फ, बर्फावर केळीचं पान आणि पानात जिताडा.

वरच्या मुलखातल्या वाचकांसाठी सांगते, जिताडा म्हणजे आमच्या खाडीचा मानाचा मासा. नवी सोयरीक जुळते तेव्हा व्याह्यांच्या दारात पहिलं पाऊल टाकताना आमच्यात जिताडा नेतात. मिठाईचे पुडे काय, कोणीही नेतं! वन्संनी तर त्याच्या डोक्याला हळदकुंकूसुद्धा लावलं होतं. डिकीत खोका ठेवताना ह्यांना तीनतीनदा बजावलं, "बाल्या, आडवा नको ठेवू. त्याची शेपटी मोडंल."

आणि सोयरीक कोणाची? वन्संच्या एकुलत्या एका प्रणालीची. प्रणाली ऐरोलीला नोकरी करते, दिघ्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. ऑफिसातलाच ओंकार तिनं पसंत केला. मुलगा सोन्यासारखा, पण घर कुठं, तर माळशेज घाट चढून पलीकडे, ओतूरच्या बाजूला. कांद्याची शेती, दारात ट्रॅक्टर, आणि समुद्राचा पत्ता नाही. लग्न झाल्यावर नोकरी घरूनच करायची, तिकडेच राहायचं, असं दोघांनी परस्पर ठरवलेलं. वन्सं महिनाभर धुमसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घर बघीन, मानसा बघीन, मंग काय ता सांगीन." म्हणजे आज त्या हो म्हणणार की नाही, ह्यावर पोरीचं लग्न अडलं होतं. तरी गाडीत त्या मजेत होत्या. डोक्यावरून विमान गेलं की खिडकीतून मान बाहेर काढून बघायच्या. विमानतळ झाल्यापासून उलव्यात आमच्या माना वरच असतात, त्यांना मात्र त्याची भारी अपूर्वाई.

प्रणालीला दिघ्याला घेतलं. बिचारीला सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. ते नसतं तर कोळ्याच्या पोरीला डिकीतला जिताडा खोलीतूनच कळला असता. तरी खबरदारी म्हणून ह्यांनी गाडीत लिंबाच्या वासाचा फवारा मारला होता. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ऊन चढलं आणि लिंबू आणि जिताडा असा एक तिसराच वास तयार झाला. मी काच खाली घेतली. कल्याण गेलं, मुरबाडला आम्ही मिसळ खाल्ली. मिसळ तिखटजाळ, पण पाव ताजे होते. वन्संनी रस्सा चाखला आणि म्हणाल्या, "यान् सुकट टाकली आसती तं चव आली आसती." प्रणाली हसली नाही. एरवी आईच्या असल्या बोलण्यावर ती खो खो हसते, म्हणून मला ते खटकलं.

टोकावडे मागे पडलं आणि समोर सह्याद्री उभा राहिला. दसरा होऊन गेलेला, आभाळ धुऊन पुसून ठेवलेलं. पावसाळ्यात इथं म्हणे गाड्यांची जत्रा असते. आता धबधबे बारीक झाले होते, पण कडे अजून हिरवे होते आणि त्यांच्या कडेकडेनं सोनकीची पिवळी फुलं पसरली होती. वळणं सुरू झाली तशी मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागले. ह्यांचं गाडी चालवणं मी पंचवीस वर्षं बघतेय, सवय म्हणून होत नाही.

बोगदा ओलांडून थोडं वर गेल्यावर कठडा बांधलेली मोकळी जागा लागली. दोनतीन गाड्या उभ्या, पोरं सेल्फी काढतायत, कडेला एक बाई शेगडीवर कणसं भाजतेय. ह्यांनी करकचून ब्रेक मारला. "हा व्ह्यू सोडायचा नाही!" हे म्हणाले आणि कोणाचं काही न ऐकता मोबाईल घेऊन कठड्याकडे धावलेसुद्धा.

पण जागा होती खरंच छान. खाली सगळं कोकण उघडं पडलेलं. भाताची खाचरं पिवळी झालेली, त्यातून आम्ही आलो तो रस्ता, त्यावर मुंगीएवढा ट्रक. वारा असा की पदर सावरता सावरता पुरेवाट. मी आयुष्यात एवढा लांबचा मुलूख एका नजरेत कधी पाहिला नव्हता. मला उगीचच खूप बरं वाटलं. कणीसवाल्या मावशींनी लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं कणीस हातात दिलं आणि मग तर काही मागायचंच उरलं नाही.

वन्सं मात्र कठड्याला दोन्ही हातांनी धरून लांब बघत होत्या. "सुरेखा," त्या मला म्हणाल्या, "दर्या कंच्या बाजूला?"

मी अंदाजानं पश्चिमेला बोट केलं. तिकडे नुसतं धुरकट होतं.

"दिसत नाय," त्या म्हणाल्या.

"लांब आहे वन्सं. इथून कसा दिसेल?"

"हां," एवढंच बोलून त्या परत बघत राहिल्या.

तेवढ्यात कणीसवाल्या मावशींनी नाक वर केलं. "मासळी हाये का वो गाडीत? खाली पानी गळतंय बघा."

बघते तर खरंच! डिकीतून बर्फाचं पाणी टपटप गळत होतं. ह्यांनी धावत येऊन डिकी उघडली, खोक्याचं झाकण काढलं, आणि नेमकी तेव्हाच प्रणाली मागे येऊन उभी राहिली. जिताडा हळदकुंकू लावून तिच्याकडे बघत होता.

"आई! हे काय आणलंस?"

"काय म्हंजे? मान हाय तो. रिकाम्या हातान् जाऊ?"

"अगं, मी सांगितलं होतं ना, ते खात नाहीत म्हणून!"

"बोललीस. म्हनून तं मी तुला ईचारला, कंच्या वारी. तू बोललीस, शनवारी तं नायच. आज ऐतवार हाय!"

आता ह्याला काय म्हणावं? वाचकहो, हसू नका. आमच्यात 'खात नाही' ह्याचा अर्थ 'आज खात नाही' एवढाच होतो. सोमवार असेल, श्रावण असेल, कोणाचा उपास असेल. जन्मभर खायचंच नाही, असं माणूस असतं हे आम्हाला ऐकून ठाऊक, पण आपल्या सोयऱ्यांत ते निघेल हे डोक्यात येत नाही. वन्संचं सोडा, मी ऑफिसात नोकरी करणारी, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"त्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे," प्रणाली रडकुंडीला आली होती. "अंडंसुद्धा शिजत नाही. आता हे बघितलं की काय म्हणतील ते? मामा, फेका हो हे कुठं तरी!"

ह्यांनी ओंकारला विचारायला फोन काढला, तर रेंज नाही. मावशी म्हणाल्या, "टाकू नका बया, मला द्या. सांच्याला कालवण करीन." तो मार्ग बरा होता, मी मान हलवलीसुद्धा. पण वन्सं खोक्यावर हात ठेवून उभ्या.

"हा मानाचा हाय. रस्त्यावं वाटाया नाय आनला." मग त्या प्रणालीकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "आनि तू? तू काय खाशील ततं, त्यांच्या घरी?"

प्रणाली ओढणी सारखी करायला लागली.

"मी ईचारते ना."

"मी सोडलेत मासे," ती कठड्याकडे बघत म्हणाली. "गणपती झाल्यापासून. सवय केलेली बरी ना."

सकाळी मिसळीवर पोर का हसली नाही, ते मला आता कळलं. आणि सांगते, मला तिचा राग आला. प्रेमात माणसं बदलतात हे मान्य, पण कोणी मागितलं नसताना सगळं काढून द्यायची एवढी घाई? आणि तेही आईपासून चोरून?

"त्यांनी सांगला तुला सोड म्हनून?" वन्संनी विचारलं.

"नाही. पण आई, मला तिथं चालायला हवं ना."

"चल बाल्या, गाडी फिरव," वन्सं म्हणाल्या. "जी पोर लगीन व्हायच्या आधी उपाशी ऱ्हाते, तिला मी देनार नाय ततं."

झालं! हे किल्ली हातात घेऊन उभे, बहिणीचं ऐकावं की भाचीचं. मी काही बोलणार, तोच घाटाच्या वरच्या अंगानं एक जीप आली आणि आमच्याच मागे थांबली. ओंकार उतरला, पाठोपाठ टोपी सावरत त्याचे वडील आणि डोक्यावर पदर घेतलेली त्याची आई, मंदाताई. पाहुणे पहिल्यांदा येतात तर घाटमाथ्यावर सामोरं जायचं, ही त्यांची रीत. आमची गाडी वेळेत वर आली नाही म्हणून ते खाली उतरत आले होते.

"या, या! गाडी बंद पडली का काय?" ओंकारचे वडील हसत पुढे आले. प्रणाली डिकीसमोर आडवी झाली. ह्यांनी झाकण लावायला हात घातला. पण वन्संनी भावाचा हात बाजूला केला.

"लपवू नको. चोरीचा हाय का?" आणि सरळ मंदाताईंकडे बघत म्हणाल्या, "ताई, आमी कोली. आमच्यात सोयरिकीला जिताडा नेतात. त्याच्याहून मोठी वस्तू आमच्याकडं नाय, म्हनून आनला. तुमी खात नाय, ता मना आताच कलला. चुकी झाली. पन पोरीनं तुमच्यासाटी मासं सोडलं, ता पन मना आताच कलला. ता काय मना पटला नाय."

मंदाताई दोन पावलं पुढे आल्या आणि खोक्यात डोकावल्या. त्यांच्या गळ्यातली माळ पदराबाहेर आली होती.

"ह्याला कुंकू कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग मान आहे हा. मान काय माघारी धाडत्यात व्हय?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "सांगा की वो."

ओंकारचे वडील जरा अवघडले. "त्याचं असं झालं... तुम्ही दर्याकाठची मानसं. आमच्या वरण-वांग्यावर तुमचं काय भागायचं? म्हणून हिनं काल परसात तीन दगडांची चूल मांडली. शेजारच्या काकू येणारेत, तुमच्यापुरतं मटण करायला. भांडी त्यांचीच. आता तुम्ही नको म्हणाल का काय, ह्याचं आम्हाला टेन्शन."

आधी हे हसले, मग मी, मग कणीसवाल्या मावशीसुद्धा! ओंकारला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मंदाताई मात्र हसल्या नाहीत. प्रणालीला जवळ घेऊन म्हणाल्या, "आणि येडे, तुला सोडायला कोणी सांगितलं गं? मी कवा म्हटलं?"

"पण आई, तुमच्या घरात..."

"माझ्या चुलीवर नाही व्हायचं, ते खरं. पण मागची चूल काय माझी नाही."

पुढचं थोडक्यात सांगते. पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या कडेनं दोन्ही गाड्या ओतूरकडे निघाल्या. घर ऐसपैस, अंगणात तुळस, ओसरीवर कांद्याचा ढीग. मटणवाल्या काकूंना वन्संनी बाजूला बसवलं, पैठणीचा काष्टा मारला आणि जिताडा स्वतः कापला. चिंच, कोकमाचं आगळ, हिरवं वाटण, सगळं पिशवीतून निघालं. मंदाताई चार हात लांब पाटावर बसून विचारत होत्या, "मग ह्याला काटे किती? उकळी किती द्यायची?" वास आला की नाकाला पदर लावायच्या आणि परत विचारायच्या. मला वाटलं, कशाला विचारतायत एवढं? करायचं तर नाहीच. आमची पंगत परसात, त्यांची ओसरीवर. जेवताना ह्यांनी इतका रस्सा ओरपला की मला लाज वाटली. प्रणालीच्या पानात वन्संनी डोक्याचा तुकडा वाढला. पोरीनं ओसरीकडे एकदा बघितलं आणि मग मान खाली घालून काट्यापर्यंत चाटून खाल्ला. सर्दी असून.

निघताना डिकीत खोक्याच्या जागी कांद्याची गोणी आली. वन्संनी लग्नाबद्दल हो की नाही, काहीच सांगितलं नव्हतं. विचारायची कोणाची हिंमत होईना.

उन्हं उतरत होती तेव्हा आम्ही परत त्याच कठड्यापाशी आलो. कणीसवाल्या मावशी आवराआवर करत होत्या. वन्सं म्हणाल्या, "बाल्या, जरा थांबव." त्या उतरल्या आणि सकाळच्याच जागी जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेले. पश्चिमेला आता लालसर झालं होतं, पण दर्या काही दिसत नव्हता.

"नायच दिसत," मी म्हटलं.

"नसंल दिसत." त्यांनी डोळे पुसले, पण तोंड हसरं होतं. "निंगताना मी पानी घेऊन गेले परसात, चूल ईझवाया. दगड उचलाया वाकले तं ती इहीन धावत आली. माजा हात धरला. बोलली, ऱ्हाऊ द्या. ती मोडायची नाय. प्रणालीची हाय."

मागे गाडीत प्रणालीनं काच खाली केली होती. तिनं ऐकलं असावं, कारण ती आईला हाक मारायला तोंड उघडून तशीच थांबली. वन्संनी एकदा वर घाटमाथ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि गाडीकडे चालू लागल्या. "चल," त्या लेकीला म्हणाल्या, "आता मना रीतसर म्हन, वाटन शिकव. त्या चुलीवं तुजं तुलाच करायचं हाय."