दारातली रेघ

पार्किन्सन्स झालेल्या मंडळींसाठी योगवर्ग आखताना मी फक्त आसनांचा विचार केला होता. खुर्चीत बसून काय जमेल, भिंत धरून काय जमेल. हॉलच्या दाराचा विचार काही केला नव्हता आणि बापटकाका रोज नेमके तिथेच अडकायचे. पाय जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे.

"अहो, उचला ना पाऊल," काकू मागून हळूच म्हणायच्या.

"मी उचलतोय गं. तेच ऐकत नाहीये."

दसऱ्याला काकूंनी आधी येऊन दारात रांगोळीची एक आडवी रेघ ओढली, सणाची म्हणून. काका आले, थबकले. त्यांनी खाली पाहिलं आणि अलगद पाय उचलून रेघेपलीकडे ठेवला. मग दुसराही. आम्ही बघतच राहिलो.

"बघताय काय? रांगोळीवर पाय देतं का कुणी?" काका म्हणाले.

समोर रेघ दिसली की अडलेलं पाऊल सुटतं, हे मी वाचलं होतं. पण चालणं विसरलेल्या पायांना कुणाची मेहनत तुडवायची नाही, हे अजून आठवत होतं. ते कुठे वाचलं नव्हतं.

आता दारापासून खुर्च्यांपर्यंत पावलापावलावर रेघ असते. परवा तास संपल्यावर मी झाडायला वाकले. एवढी माणसं तोल सावरत, थरथरत येऊन गेली होती, तरी रेघा जशाच्या तशा. एकच पुसली होती. तिचं पांढरं माझ्या तळपायाला लागलं होतं.