बांधीवरची अफू

"हात खाली धर. आणखी खाली."

दिवाणजी अफूची गोळी वरून टाकत असे. आमच्या हाताला त्याचा हात लागू नये म्हणून. गोळी मोहरीएवढी. ती त्याच्यासमोर लेकराच्या जिभेवर ठेवायची आणि मगच चिखलात उतरायचं. नवेगाव बांधच्या बाजूला आमच्या मालगुजाराच्या धानाच्या बांध्यांत रोवणीच्या दिवसांत हा रोजचा रिवाज होता. लेकरं मोहाच्या झाडाखाली टोपल्यांत पडून राहत. रडत नसत. आमची पाठ वाकलेलीच राही.

त्या दिवशी माझी गोळी चिखलात पडली.

"उचल," दिवाणजी म्हणाला. "चिखलातच वाढते तुमची जात."

बाया हसल्या. मीही हसले. गोळी पदराला पुसली आणि पोरीच्या तोंडात घातली.

पोरगी दूध ओढत नव्हती. छातीशी घेतली की डोळे मिटायची. तिच्या आधीचा मुलगा असाच झोपेत गेला होता. देवाने नेला, असं सगळ्यांनी सांगितलं.

त्याच हंगामात मालगुजाराच्या घरी भंडाऱ्याहून नर्स आली. सुनेला मुलगा झाला होता. मी अंगण सारवत होते. मला कोणी ऊठ म्हटलं नाही. सारवणाऱ्या बाईला कान असतात, असं त्यांना वाटत नसावं. नर्स ओसरीवर मालकीणबाईंना सांगत होती, "अफूने मूल शांत होत नाही, गुंगीत जातं. श्वास मंदावतो. भूक लागली तरी ते उठत नाही. बाळाला रडू द्या. रडलं की पाजा."

नर्स हात धुवायला मागच्या दारी गेली. मालकीणबाईंनी कोनाड्यातली डबी काढून दिवाणजीपुढे ठेवली.

"हे घरात नको, बाप्पा. बांधीवर घेऊन जा. तिथं कामी येईन."

मी शेणात हात ठेवून तशीच बसले. राग नंतर आला. आधी फक्त समजलं. हे विष आहे, हे त्या घराला कळलं होतं. म्हणून ते आमच्या लेकरांकडे पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हात पुढे केला नाही.

"काऊन वं?" दिवाणजीने विचारलं.

"नाई देत."

"रडली तं?"

"रडली तं पाजीन."

"आन् रोवणा तुया बाप करन?"

"मालकीणबाईनं नातवाची अफू बंद केली. माया पोरीले काऊन देता?"

 मागून शेजारीण म्हणाली, "मालगुजाराची इहीन झाली का वं तू?" बाया पुन्हा हसल्या. मी हसले नाही.

पोरगी रडली. मी चिखलातून वर आले, बांधाच्या धुऱ्यावर बसले आणि सगळ्यांसमोर तिला पाजलं. तिने थोडं ओढलं, सोडलं, पुन्हा रडली. दिवाणजीने माझ्या वाटणीचे धानाच्या रोपांचे पऱ्हे उचलून दुसरीपुढे टाकले.

"उद्या येऊ नको."

अफू तुटलेलं लेकरू अंग ताणून, निळं पडेपर्यंत रडतं. घरी नवरा म्हणाला, "दे थोडीशी. मरून जाईन ते." मी दिली नाही. ती जगेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. दिली तर काय होतं, हे ठाऊक होतं.

सकाळी तिला घेऊन मी बांधीवर गेले. मोहाखाली टोपल्यांजवळ बसले. नर्सने काय सांगितलं ते बायांना सांगितलं. डबी कोणाच्या घरून आली, तेही सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. कोणी हातही मागे घेतला नाही. दिवाणजीने गोळ्या वाटल्या. फक्त शेजारणीने आपली गोळी लेकराला दिली नाही. दिवाणजी पुढच्या बाईकडे वळताच ती मुठीत धरून पाण्यात उतरली.

"तुले काम नाई ना?" दिवाणजी माझ्यावर ओरडला. "मंग कायले बसली इथं?"

"लेकरं राखून राहिली," मी म्हणाले. "जे उठन, त्याच्या मायले नावानं हाक मारीन. रोवणा थांबला तं थांबन."