ललितानं घरातली साखर बंद केली

माझी मुलगी ललिता आलापल्लीला असते. तिला दोन मुली. तिचा नवरा धनराज लाकूड डेपोत कामाला आहे. सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकायचे, दिवसभर पायांवर उभं राहायचं. २००२ सालच्या होळीच्या सुमारास त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांबूचा खुंट लागला. जखम भरेना म्हणून चंद्रपूरला नेलं, तर रक्तात साखर निघाली. वय अवघं छत्तीस. डॉक्टर म्हणाले, "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. गोळ्या घ्या, पथ्य पाळा आणि महिन्यानं या."

ललितानं त्याच दिवशी साखरेचा आणि गुळाचा डबा शेजारी देऊन टाकला. स्वतःही बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. आमच्याकडे तिन्ही वेळा भात. तिनं त्याचा भात एका वाटीवर आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा ज्वारीच्या भाकरी थापल्या. सुरुवातीच्या भाकरी काठाला फाटायच्या. धनराज म्हणायचा, "हे भाकर होय का गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा?" रोज संध्याकाळी ती त्याचे पाय धुऊन कोरडे करायची आणि बोटांच्या बेचक्यांत बॅटरी धरून पाहायची.

मी आरमोरीला शाळेत शिकवते. परीक्षांमुळे लगेच जाता येत नव्हतं, म्हणून पत्रं लिहायची. धनराज वाळत चालला आहे असं तिनं कळवलं, तेव्हा मी लिहिलं, 'विकतचं गोड बंदच ठेव. पण त्याला अशक्तपणा येऊ देऊ नकोस. मोहफुलं भाजून, जवस घालून, कुटून त्याचे लाडू दे. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मोह खात आली, कुणाला कुठं साखर झाली?' सोबत माझ्या माहेरच्या, कुरखेड्याकडच्या वाळवलेल्या मोहाची पिशवीही पाठवली. बी.ए. झालेल्या आईनं लिहिलं म्हटल्यावर ललितानं शंका घेतली नाही.

महिन्यानं तपासलं, तर साखर उतरायच्या ऐवजी वाढलेली. जखमेच्या कडा काळपट झाल्या होत्या. डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि शेवटची तीन आठवड्यांची मुदत दिली.

मी सुट्टी लागताच आलापल्ली गाठली, तर दोघांचं भांडण चाललेलं.

"घरात चिमूटभर साखर नाई. मंग रक्तात कुठून येऊन राह्यली? डेपोतल्या टपरीवर काय खाता, खरं सांगा!"

"पोरींची शपथ, मी काईच नाई खात."

"काऊन खोटं बोलता?"

खरं सांगते, मलाही जावयावरच संशय आला. मी त्याच्याशी नीट बोललेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपण विकणारा झाडू नावाचा म्हातारा मोळी घेऊन आला. ललिता उखळात मोह कुटत होती. त्यानं विचारलं, "बाई, लाडू कोनासाठी?"

"आमच्या ह्यांच्यासाठी. साखरेची बिमारी हाये न."

झाडू खो खो हसला. "अन् मोह देऊन राह्यली? अवं, मोह गोड नसता त त्याची दारू कशी उतरली असती? धनराजभाऊच्या पोटात भट्टीच लावली तू!"

ललिताच्या हातातलं मुसळ थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी इतिहास-भूगोल शिकवते. मोह आंबतो, त्याची दारू होते हे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं. तरी रानातली वस्तू म्हणजे औषधासारखी, साखर म्हणजे फक्त दुकानातली, असं मी धरून चालले होते.

"ललिता, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलं होतं."

ती ओट्यावर बसलेल्या धनराजकडे वळून म्हणाली, "तुमाले गोड नाई लागलं का?"

"लागलं न."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू भरउन्हात कुटत होती. आईनं एवढ्या दुरून पाठवलं. नाई कसं म्हनू?"

ललिता तिथंच खाली बसली आणि रडली. रडता रडताच त्याच्यावर ओरडली, "अंगठा गेला असता म्हंजे? आमचं मन राखाले पाय देता का? आतापासून मले नाई म्हना. मी दिलं तरी नाई म्हना!"

मी त्याची माफी मागितली. त्यानं मान खाली घातली, "जाऊ द्या, आई."

लाडू त्या दिवसापासून बंद झाले. मुदतीच्या दिवशी आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. साखर बरीच उतरली होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली, जखम दाबून पाहिली. कडेला गुलाबी कातडी धरत होती. "सध्या काढायची गरज नाही," ते म्हणाले. 'सध्या' हा शब्द माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

घरी आल्यावर ललितानं ताटं वाढली. आनंदात होती. धनराजची वाटी संपली तशी तिनं भाताचा चमचा पुढं केला, "आज घ्या थोडा."

धनराजनं ताटावर आडवा हात धरला. "नाई."

क्षणभर तिचा चेहरा उतरला. मग तिनं तो भात आपल्याच ताटात वाढून घेतला.