नाशिकला जाऊन मी रेवाला बुडवलं

जायचं ठरलं ते अनघामुळे. अनघा ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते आणि दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या पुण्याच्या घरी येऊन एक खेळ खेळते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्याचं बळ, त्याच्या खोडी, सगळं एका कागदावर लिहिलेलं. एक जण गोष्ट चालवतो, त्याला मास्टर म्हणतात. 'समोर गुहा आहे, काय करता?' असं तो विचारतो. आपण आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. मी निवृत्त झाल्यावर मला भजनी मंडळात न्यायचे तीन प्रयत्न झाले होते. मी हा खेळ धरला.

नाशिकला या खेळाची स्पर्धा होती, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. स्पर्धेतलं पात्र पुढच्या स्पर्धेतही तेच न्यायचं असतं, जखमा आणि कमाईसकट. मेलं तर मेलं. त्याच्या कागदावर लाल काट मारून तो संयोजकांकडे जमा करायचा. अनघाची रेवा नावाची तिरंदाज तीन वर्षं जिवंत होती. तिचा कागद खोडरबराने इतका झिजला होता की उजेडाकडे धरला तर पलीकडचा माणूस दिसावा. अनघाने तो फोल्डरमध्ये घालून बसमध्ये पूर्ण वेळ मांडीवर धरला. वर ठेव म्हटलं तर म्हणाली, "मावशी, वरून पडला तर?"

शनिवारी सकाळी सहाची निमआराम बस, शिवाजीनगरहून. जाणाऱ्यांनी डाव्या बाजूची खिडकी घ्यावी, नाहीतर नारायणगावपासून उन्हाने भाजाल. खेडच्या घाटात कांद्याचा एक ट्रक आडवा होता, तासभर तिथेच गेला. संगमनेरला चहाचा थांबा आहे. चहा गोड पाण्यासारखा, भजी मात्र गरम होती. बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल लिहीत नाही, माझे वाचक जेवत असतील. साडेबाराला नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो. लॉज स्टँडजवळ घेण्याची चूक आम्ही केली, तुम्ही करू नका. पहाटे चारपासून 'धुळ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांनी' सुरू होतं.

संध्याकाळी भांडी बाजारातून घाटाकडे चालत गेलो. रस्त्याकडेला द्राक्षांच्या पेट्या. विकणाऱ्या बाईने आधी चव घ्यायला घड पुढे केला आणि मी आंबट म्हटल्यावर म्हणाली, "आजी, द्राक्षं लय गोड हायेत, तुमचंच तोंड आंबट दिसतंय." दोन किलो घेतली. नाशिक मला तिथपर्यंत फार आवडलं.

स्पर्धा गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या रात्री तिथे स्वागत समारंभ झालेला. थर्माकोलची अक्षरं तशीच, झेंडू सुकलेला, आणि आमचा मास्टर नवरानवरीच्या मखमली सोफ्यावर बसून गोष्ट चालवणार. पात्रं सांभाळणारी अठरा-वीस माणसं. निम्म्यांची फेरी सकाळी, निम्म्यांची दुपारी. गोष्ट मात्र दोन्ही वेळा एकच.

हे ऐकून मी जागीच थांबले. सकाळी पेपर सोडवून बाहेर आलेल्या मुलींना दुपारच्या मुलींशी बोलू द्यायचं, आणि पेपर तोच! आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी एवढ्यावर शाळा बंद केली असती.

आम्ही दुपारच्या फेरीत. आमच्या टेबलावर तिघं: अनघा, मी, आणि चांदवडचे आहेर गुरुजी. गुरुजी शाळेत गणित शिकवतात, सकाळच्या एस.टी.ने आले होते. टेबलाला कमीत कमी तीन खेळाडू लागतात, हे लक्षात ठेवा.

बाराला अनघा नावनोंदणीच्या रांगेत राहिली आणि मी जवळच मिसळ खायला गेले. नाशिकला मिसळ खायची ती काळ्या रश्शाची, पापड आणि दह्यासकट. पंचवीस रुपयांत पोट भरतं आणि नाक वाहतं. माझ्या पाठीमागच्या टेबलावर सकाळच्या फेरीतली दोन मुलं आणि दुपारच्या फेरीतली तीन. सकाळचा एक जण तोंडात पाव ठेवून सांगत होता, "नदीपाशी गेलात ना, नावाड्याकडे बघू पण नका. होडीत बसलं की संपलं. पूल नुसता दिसायला मोडका आहे, खुशाल जायचं."

"अरे हळू," दुसरा म्हणाला, "मेटागेमिंग होतंय."

आणि सगळे हसले.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. पात्राला जे कळणं शक्य नाही, ते खेळणाऱ्याने बाहेरून मिळवून वापरायचं, याला मेटागेमिंग म्हणतात. मी याला लबाडी म्हणते.

तशीच उठून संयोजकांकडे गेले. हेमंत नावाचे गृहस्थ, वय पस्तिशीचं, शर्टाच्या खिशात तीन पेनं. म्हटलं, "माझ्या कानावर गोष्टीतलं रहस्य पडलंय. गोष्ट बदला, नाहीतर मला काढा."

"काकू, तुम्हाला काढलं तर तुमचं टेबलच रद्द होईल. दोघांना कसं खेळवू?"

"मग गोष्ट बदला."

"आता आयत्या वेळी? अहो, सगळ्यांच्याच कानावर येतं. तुम्ही फक्त वापरू नका म्हणजे झालं."

वापरू नका! मला वाटलं, एवढंच ना? टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली पंधरा ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन जोडत. अर्ध्या गावाची सोयरीक, भांडणं आणि कुणाच्या नवऱ्याचं काय चाललंय ते माझ्या कानांतून गेलं. त्यातलं एक अक्षर मी घरी नेलं नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करणं हे माझं कामच होतं. अनघाला आणि गुरुजींना काही न सांगता मी टेबलाशी जाऊन बसले.

दोन तास खेळ छान रंगला. माझं पात्र म्हणजे एक वयस्क पुजारीण, अंगावर लोखंडी चिलखत, स्वभाव माझाच. रेवाने डोंगरात दोन पहारेकरी टिपले आणि स्वतः जखमी झाली. मग आली नदी. मास्टरने नावाड्याचा आवाज काढला, "या, या, बसा की, पलीकडं सोडतो." आणि हसला.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "मी काय म्हन्तो, पुलावरून जाऊ. ह्या नावाड्याचं हसणं काय मला पटत नाय. पैसे सुद्धा मागंना झालाय."

हे गुरुजींनी स्वतःच्या डोक्याने ओळखलं होतं. मिसळीच्या टेबलावर ते नव्हते.

अनघा म्हणाली, "पूल मोडका आहे आणि मी जखमी. मला ठरवता येत नाहीये. पुजारीणबाई म्हणतील तसं."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी गप्प राहायचं ठरवलं होतं, पण गप्प राहण्याची सोयच उरली नाही. पूल म्हणाले तर चोरलेलं वापरलं असं होणार. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. माझ्या पुजारणीला काय वाटतंय हे मी शोधत होते आणि तिथे तो पाव चावणारा मुलगाच बोलत होता.

"होडी," मी म्हटलं.

"मावशी, इचार करा," गुरुजी म्हणाले.

"केलाय. होडी."

नदीच्या मध्यावर नावाड्याने होडी उलटवली. गुरुजींचा मांत्रिक लाकडाला धरून वाचला. मी फासा टाकला, एकोणीस पडले आणि लोखंडी चिलखतासकट काठाला लागले. रेवाला सहा हवे होते. अनघाला चार पडले. तिने अंगठा आणि बोट यांच्यात फासा धरून मास्टरकडे पाहिलं, परत टाकायला मिळेल का म्हणून. त्याने मान हलवली. मग फोल्डरमधून कागद काढून तिने स्वतःच त्याच्यापुढे सरकवला. लाल पेनाची काट मारताना तो झिजलेला कागद मधोमध फाटला.

बक्षीस मिळालं शेजारच्या टेबलाला, मिसळीच्या त्या तीन मुलांना. त्यांनी नावाड्याकडे ढुंकूनही न बघता पूल ओलांडला आणि गोष्ट निम्म्या वेळात संपवली. हेमंतरावांनी त्याला 'तल्लख बुद्धी' म्हटलं. मी उभी राहिले. "ही बुद्धी मिसळीबरोबर मिळत होती," म्हटलं, "मलाही मिळाली. मी तुम्हाला खेळाआधी सांगितलं होतं." सभागृह हसलं. एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "आजी हरल्या म्हणून चिडल्या." हेमंतराव ट्रॉफीवरचं प्लास्टिक काढत राहिले. आहेर गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली, मला म्हणाले, "तुम्हाला ठावं होतं व्हय?" आणि उत्तराची वाट न बघता चांदवडच्या गाडीला निघून गेले.

सोमवारी सकाळच्या बसने परत. सिन्नर आलं. अनघा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला काही माहीत नसतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"ते आता कसं सांगणार?"

"मी सांगते. पूल म्हणाली असतीस. तीन वर्षांत तुझी पुजारीण एकदासुद्धा पाण्यात उतरलेली नाही. चिलखतात बुडेन म्हणून तू आम्हाला गुडघाभर ओढा वळसा घालून पार करायला लावलास."

मला आठवलं. खरं होतं.

"त्या मुलांनी ते जिंकण्यासाठी वापरलं," ती म्हणाली, "तू स्वच्छ राहण्यासाठी वापरलंस. रेवा मधे आली."

संगमनेरला ती खाली उतरली नाही. मी चहा आणून दिला तो तिने घेतला, एवढंच.

घरी येऊन महिना झाला. जाणाऱ्यांसाठी सांगते, नाशिक सुंदर आहे, द्राक्षं गोड आहेत, रस्ता वाईट आहे. स्पर्धा भरवणारे आळशी आहेत, हे माझं मत कायम आहे. दोन फेऱ्यांना दोन गोष्टी लिहिणं एवढं अवघड नसतं. पण रात्रीची गोळी घेताना मला हेमंतराव आठवत नाहीत. आठवतात ते आहेर गुरुजी. नुसतं हसणं ऐकून त्यांनी नावाडी ओळखला, आणि मी त्यांचं उत्तर पुसून टाकलं, ते बरोबर आहे हे माहीत असताना.

अनघा आता शुक्रवारी येत नाही. ऑफिसच्या मुलांबरोबर नवीन पात्र सुरू केलंय, असं बहिणीकडून कळलं.

परवा हेमंतरावांचा फोन आला. पुढच्या स्पर्धेत एक टेबल मी चालवावं, मास्टर व्हावं. "काकू, तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं आम्हाला हवीत." त्यांना काय उत्तर द्यायचं ते विचारायचं निमित्त करून मी अनघाला फोन लावला.

"जा की मावशी," ती म्हणाली. "मास्टरला सगळं आधीच माहीत असलं तर चालतं. आणि त्याच्या भरवशावर कुणी होडीत बसत नाही."

ज्याच्या भरवशावर कुणी बसत नाही ती जागा मला नको होती. मी हेमंतरावांना नाही म्हणून कळवलं.